हॉटेलचा पडदा आणि हातातला फोन

४ मार्च २०२५. दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीचा उपांत्य सामना, समोर ऑस्ट्रेलिया, आणि रमजानचे पहिलेच दिवस. सामना भारतीय वेळेप्रमाणे दुपारी अडीचला सुरू झाला. रोजेदाराला घड्याळाचे काटे जागीच चिकटल्यासारखे वाटतात, नेमके तेच तास. उर्दूत या वेळेसाठी ‘रोजा बहलाना’ असा छान शब्दप्रयोग आहे. पूर्वी लोक त्यासाठी मशिदीच्या ओट्यावर गप्पा मारत, बाजारात चक्कर टाकत. आता फोन असतो. मोहम्मद शमीने त्या दुपारी दहा षटके टाकली, ४८ धावांत तीन बळी घेतले आणि मध्येच सीमारेषेपाशी बाटलीतून दोन घोट घेतले. कॅमेऱ्याने ते टिपले. सामना भारताने जिंकला, पण पुढचे काही दिवस फोनाफोनांवर त्या तीन बळींपेक्षा ते दोन घोटच जास्त फिरत राहिले.

उत्तर प्रदेशातल्या एका मौलानांनी शमीला शरीयतच्या नजरेतला गुन्हेगार ठरवून टाकले. दुसऱ्या उलेमांनी लगेच आठवण करून दिली की प्रवासातल्या माणसाला सवलत आहे. सूरह बकरात जिथे रोजे फर्ज झाले, तिथेच आजारी माणसाला आणि मुसाफिराला ते नंतर भरून काढण्याची मुभाही दिलेली आहे. मदरशात नुकत्याच दाखल झालेल्या मुलालाही हे ठाऊक असते. आता संघाचा दुबईतला मुक्काम किती दिवसांचा होता आणि हनफी मसलकातला पंधरा दिवसांचा हिशेब इथे कसा लावायचा, यावर वाद घालता येईल. जरूर घालावा. पण तो शमीने आपल्या ओळखीच्या आलिमाजवळ बसून घालायचा आहे. ज्यांनी आयुष्यात त्याला कधी पाहिले नाही, त्यांचा त्यात काय संबंध?

तरीही दाखल्यांची देवाणघेवाण जोरात सुरू झाली. एका बाजूने हकीम ओलाजुवानचे नाव आले. अमेरिकेतला हा बास्केटबॉलपटू रोजे ठेवून खेळायचा आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये, रमजान सुरू असताना, तो एनबीएचा त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. दुसऱ्या बाजूने हाशिम आमला आला. २०१२ मध्ये ओव्हल कसोटी सुरू असतानाच रमजान लागला, आमलाने तिथे नाबाद ३११ धावा केल्या आणि आपण प्रवासात असल्याने रोजे घरी गेल्यावर भरून काढू, असे सरळ सांगून टाकले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही निरुपयोगी. बंदिस्त, थंडगार सभागृहातला बास्केटबॉल आणि दुबईच्या उन्हात धाव घेऊन टाकलेली षटके यांची तुलना होत नाही. आमलाचा निर्णय आमलाचा होता. एकाच्या इबादतीचा पुरावा दुसऱ्याच्या विरोधात कसा वापरता येईल?

शमीच्या बाजूने उतरलेल्यांचे वागणे फार निराळे होते असे नाही. ‘याने देशासाठी रोजा सोडला, असा मुसलमान हवा,’ अशा अर्थाचे कौतुक तेवढ्याच वेगाने फिरले. वरवर पाहता ही शाबासकी होती. पण तिच्या पोटात एक काडी लपवलेली होती. जो रोजा ठेवून कारखान्यात पाळी करतो, एसटी चालवतो, रुग्णालयात रात्रपाळीला उभा राहतो, तो मग कमी देशाचा झाला का? निंदा करणारे आणि कौतुक करणारे, दोघांनीही शमीच्या पोटात डोकावून पाहिले. एकाला तिथे गुन्हा दिसला, दुसऱ्याला देशभक्ती. त्याला तहान लागली असेल, ही साधी शक्यता दोघांच्याही हिशेबात नव्हती.

या माणसाच्या वाट्याला अशी कचेरी पहिल्यांदा आलेली नाही. २४ ऑक्टोबर २०२१ ला याच दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. दहा गडी राखून, म्हणजे भारताच्या एकाही गोलंदाजाला बळी मिळाला नव्हता. तरी गद्दारीचा शिक्का बसला तो ३.५ षटकांत ४३ धावा देणाऱ्या शमीवर. कर्णधार विराट कोहली काही दिवसांनी पत्रकारांसमोर त्याच्या पाठीशी ठामपणे उभा राहिला, तर त्याच्या तान्ह्या मुलीबद्दल इतक्या घाणेरड्या धमक्या आल्या की पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागला. पुढे २ नोव्हेंबर २०२३ ला वानखेडेवर शमीने श्रीलंकेचे पाच गडी १८ धावांत बाद केले आणि तो दमून गुडघ्यांवर बसला. लगेच नवा निकाल लागला: त्याला सजदा करायचा होता, पण तो घाबरला. हा निकाल सीमेपलीकडून सुरू झाला आणि इकडच्या ग्रुपांवरही मुक्कामाला आला. शमीने नंतर एका मुलाखतीत सांगितले की सजदा करायचाच असता तर कोणी अडवले असते? २०२१ मध्ये तो फार मुसलमान होता, २०२३ मध्ये भित्रा मुसलमान, २०२५ मध्ये पुरेसा मुसलमान नव्हता. माणूस एकच. त्या २०२३ च्या विश्वचषकात त्याने सात सामन्यांत २४ बळी घेतले, स्पर्धेत सर्वाधिक.

सप्टेंबर २०२२ मध्ये अर्शदीप सिंगच्या हातून पाकिस्तानविरुद्ध एक झेल सुटला, तर काही तासांत त्याच्या विकिपीडिया पानावर कोणीतरी खलिस्तान आणून ठेवले. झेल सगळ्यांच्याच हातून सुटतात. काहींच्या हातून मात्र लगेच धर्म सुटतो.

रोजा ही इतर इबादतींपेक्षा वेगळी गोष्ट आहे. नमाज दिसते, हजला निघालेला माणूस दिसतो, जकात घेणाऱ्याला तरी देणारा ठाऊक असतो. रोजा मात्र दिसतच नाही. बंद खोलीत पाण्याचा ग्लास समोर असताना कोणी प्यायला की नाही, हे तो माणूस आणि त्याचा रब, एवढ्यांनाच माहीत. म्हणूनच मोहल्ल्यांनी एक अदब पिढ्यानपिढ्या सांभाळली. रमजानमध्ये मुस्लिम वस्त्यांतल्या हॉटेलांच्या दारावर दिवसा पडदा सोडलेला असतो. आत चहा मिळतो, वडा मिळतो. कधी म्हातारा मधुमेही आत असतो, कधी वाटसरू, कधी हमाल, कधी निव्वळ आळशी. भिवंडी-मालेगावात यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा माणूस भर उन्हाळ्यात एखाद्या दिवशी हरतो आणि पडद्याआड जातो. बाहेरून जाणारा नजर खाली घालून पुढे निघतो. पडदा जेवढा आतल्याची लाज राखतो, तेवढीच बाहेरच्याची नजरही राखतो.

घरातही असाच एक न दिसणारा पडदा असतो. लेकी-सुनांना महिन्यातले काही दिवस रोजा नसतो. राहिलेले रोजे त्या पुढे सोयीने भरून काढतात. त्या दिवसांतही बऱ्याच जणी सहरीला सगळ्यांबरोबर उठतात, दस्तरखानावर बसतात आणि दुपारी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभ्याउभ्या काहीतरी खाऊन घेतात. घरातला पुरुष तिकडे पाहत नाही. सासू पाहते आणि न पाहिल्यासारखे करते, कारण तीही त्यातून गेलेली असते. हे कोणी शिकवत नाही. मुलगे वडिलांकडे बघून शिकतात.

आता या पडद्याला भोके पडू लागली आहेत. वर्गाच्या ग्रुपवर एखादा उत्साही मुलगा सकाळी सकाळी विचारतो, ‘आज किस किस का रोजा है?’ त्याच्या मनात काही नसते. मग भराभर उत्तरे येतात, हात जोडलेल्या चित्रांसह. दोन-तीन मुली गप्प राहतात आणि ग्रुपमधल्या सगळ्यांना कळते की त्या गप्प आहेत. कोणी संदेश पाहिला त्याच्या निळ्या खुणा असतातच. खोटे ‘हो’ लिहावे तर रोज्याच्या महिन्यात खोटे बोलायचे, खरे लिहावे तर चाळीस जणांना सांगायचे. ज्या आजोबांना डॉक्टरांनी रोजे बंद केले आहेत, त्यांनाही नातेवाइकांच्या ग्रुपवर इफ्तारच्या ताटाचा फोटो आला की उगीच काहीतरी खुलासा करावासा वाटतो. शमीच्या बाटलीकडे रोखलेली नजर दुबईतच थांबेल, असे समजणे भाबडेपणाचे आहे. नजरेला सवय लागते, आणि मग ती जवळची माणसे शोधते.

फोनला शिव्या देऊन मोकळे होणे सोपे आहे, आणि खोटेही. आखाती देशांत राबणारा मुलगा इफ्तारच्या वेळी आईला व्हिडिओ कॉलवर दिसतो, तेव्हा तिचा घास गोड होतो. दुकानांच्या जाहिराती छापलेली सहरी-इफ्तारची कागदी वेळापत्रके हरवायची, आता वेळ फोनवर मिळते. जकात गरजूपर्यंत मिनिटात पोहोचते. डफ वाजवत सहरीला जागवणारा म्हातारा आता गल्लीत फिरकत नाही, कारण उशाशी अलार्म असतो. तो गेल्याची हळहळ अलार्म लावूनच व्यक्त होते. फोन बंद करून रमजान काढणे आता कोणालाही जमणार नाही.

पण ज्या समाजाने ‘सनद’ नावाची गोष्ट जगाला दाखवली, त्याने फोन हातात घेताना ती विसरावी, हे खटकते. हदीस ऐकवणाऱ्याला आधी विचारले जाई: तुम्ही कोणाकडून ऐकले? त्याने कोणाकडून? तो माणूस खरे बोलणारा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, दोघे खरोखर भेटले होते का? रावींची चरित्रे तपासण्याचे एक वेगळे शास्त्रच उभे राहिले. साखळीतली एक कडी कच्ची निघाली तर मजकूर कितीही गोड असो, बाजूला ठेवला जाई. व्हॉट्सअॅपवर नेमके उलट घडते. मजकूर पुढे जातो, सांगणारा गळून पडतो. राहतो फक्त दोन बाणांचा शिक्का, म्हणजे ‘अनेक वेळा पुढे पाठवलेले’. एप्रिल २०२० पासून असा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. कंपनीलाही तेवढा लगाम घालावासा वाटला. लोक मात्र खाली ‘जैसा मिला वैसा भेजा’ लिहून मोकळे होतात. इमाम बुखारींच्या काळात एवढे वाक्य रावीला कायमचे बाद करायला पुरले असते.

गीबतीची, म्हणजे पाठीमागच्या निंदेची, अडचणही इथेच वाढते. तौबा केली की काम संपले, असे तिच्या बाबतीत मानत नाहीत. तो बंद्याचा हक्क असतो, आणि ज्याची निंदा केली त्याने मन मोठे करून सोडले तर भार उतरतो. म्हणून जुने लोक रमजानच्या आधी एकमेकांच्या दारात जाऊन ‘कहा-सुना माफ’ म्हणत. हे म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावे लागे आणि कधीकधी दोन शब्द ऐकूनही घ्यावे लागत. आता शब-ए-बरातच्या रात्री माफीचा एकच तयार संदेश, फुलांच्या चित्रासह, यादीतल्या सगळ्यांना एकदम जातो. त्यात ज्यांचे कधी काही बिघडवले नाही ते दूधवाले, विमा एजंट आणि बँकेतले साहेबही असतात. ज्या गोलंदाजाला याच अंगठ्याने गद्दार, भित्रा आणि गुन्हेगार म्हटले, त्याचा नंबर त्या यादीत नसतो.