घराचा इसार आणि दिलेला शब्द



'घर पाहावे बांधून' असे आपले पूर्वज म्हणून गेले. आजच्या शहरात घर बांधण्याचा प्रसंग फार थोड्यांवर येतो; घर 'घेऊन पाहण्याची' पाळी मात्र बहुतेकांवर येते, आणि तिच्यातील मनस्ताप बांधकामाहून कमी नसतो. घर पसंत पडते, भाव ठरतो, पेढे वाटले जातात, आणि तिसऱ्या आठवड्यात निरोप येतो, 'दुसरे गिऱ्हाईक पाच लाख अधिक देत आहे. तुमचे काय ते सांगा.' या एका वाक्याने कित्येक कुटुंबांची झोप उडवली आहे. त्याच्यापासून आपले रक्षण कसे करावे, याचा विचार आज करू.

चेन्नई शहराचे उदाहरण घेऊ. पेरांबूरचा रेल्वे डब्यांचा कारखाना १९५५ साली सुरू झाला. तेव्हापासून तेथे आणि पुढे शहरातील इतर कारखान्यांत, बँकांत व शिक्षणसंस्थांत नोकरीनिमित्त येणाऱ्या परप्रांतीय कुटुंबांत मराठी कुटुंबेही आहेत. भाषा अर्धीमुर्धी कळते, ओळखी थोड्या असतात, आणि म्हणून दलालाच्या शब्दावर भिस्त अधिक ठेवावी लागते. घर पसंत पडताच तो 'अड्वान्स' मागतो. जुन्या तमिळमध्ये याला 'अच्चारम' म्हणतात. या शब्दाचे मूळ संस्कृत 'सत्यंकार' या शब्दात शोधले जाते. सत्यंकार म्हणजे बोलणे खरे करण्यासाठी दिलेली वस्तू. आपल्या मराठीतला 'संचकार' हा त्याच कुळातला. जुन्या कोशांत त्याचा अर्थ इसार असा आहे; आज मात्र 'पोटावर संचकार आला' असे आपण संकटाच्या अर्थी म्हणतो. इसाराचे संकट कसे होते, हे जणू भाषेनेच नोंदवून ठेवले आहे!

याज्ञवल्क्य स्मृतीत या सत्यंकाराचा नियम आहे, आणि विज्ञानेश्वराच्या मिताक्षरा टीकेत त्याचा खुलासा आहे. व्यवहार पक्का करण्यासाठी एकाने दुसऱ्याच्या हाती अंगठी ठेवली आणि मग देणाराच मागे फिरला, तर त्याने अंगठीवर पाणी सोडावे. घेणारा मागे फिरला, तर त्याने दुप्पट परत करावी. शब्द मोडण्याची किंमत दोन्ही बाजूंना पडली पाहिजे, हे तत्त्व इतके जुने आहे.

आता आजचा कायदा पाहू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५४ वे कलम स्पष्ट सांगते की, विक्रीच्या नुसत्या कराराने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. हक्क येतो तो नोंदणी केलेल्या खरेदीखताने. मग करार निरर्थक का? मुळीच नाही. विक्रेत्याने खरेदीखत करून द्यावे, अशी मागणी न्यायालयात करण्याचा अधिकार करारानेच मिळतो. पूर्वी असा हुकूम देणे न देणे बऱ्याच अंशी न्यायाधीशांच्या विवेकावर अवलंबून असे. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून करार पाळायला लावणे हा नियम ठरला. त्याला कायद्यात सांगितलेले अपवाद आहेत. तरीही खरेदीदाराची बाजू पूर्वीपेक्षा बळकट झाली, यात शंका नाही.

विलायतेतील स्थिती याहून नाजूक आहे. इंग्लंड व वेल्समध्ये भाव ठरल्यापासून दोन्ही पक्षांच्या वकिलांनी सह्या केलेल्या करारांची अदलाबदल करीपर्यंत कोणीही कोणाला बांधलेला नसतो. चौकशीत आठवडे जातात, आणि तेवढ्यात अधिक भाव देणाऱ्याला घर विकले, तर पहिल्या खरेदीदाराला बहुधा दाद नसते. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये वकिलांच्या पत्रव्यवहारातून करार तुलनेने लवकर बंधनकारक होतो, म्हणून तेथे हा उपद्रव कमी. दोन्ही देशांतील माणसे सारखीच. फरक आहे तो शब्द केव्हा बांधील होतो याचा. आपणही नेमकी हीच गोष्ट ओळखली पाहिजे. तोंडी ठराव आणि बांधील करार यांच्यामधला काळ जितका लांब, तितका धोका मोठा.

तो काळ कमी करण्याचे एक साधन तामिळनाडूत हाताशी आहे. त्या राज्याने नोंदणी कायद्यात २०१२ साली दुरुस्ती करून स्थावर मिळकतीच्या विक्रीचा करारही नोंदवणे आवश्यक केले. बरेच लोक खर्च वाचवण्यासाठी हे टाळतात आणि मुद्रांक कागदावरच्या सह्यांवर समाधान मानतात. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतीलच एका प्रकरणात असा निर्णय दिला की, नोंदणी न झालेला करारही खरेदीखत करून मागण्याच्या दाव्यात पुरावा म्हणून दाखल करता येईल. हा दिलासा खरा. पण त्यावर विसंबून नोंदणी टाळणे शहाणपणाचे नाही. कारण असे की, विक्रेत्याने तीच मिळकत दुसऱ्याला विकली, आणि त्या दुसऱ्याने आपल्या कराराची माहिती नसताना, सद्‌भावनेने, मोबदला देऊन ती घेतली, तर त्याच्याविरुद्ध आपला करार चालत नाही. नोंदलेल्या कराराची माहिती मात्र जगाला आहे असे कायदा धरून चालतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून मिळणाऱ्या बोजाच्या दाखल्यात, ज्याला तेथे सर्रास 'ई.सी.' म्हणतात, तो करार दिसतो. पाच लाख अधिक देऊ पाहणारे गिऱ्हाईक, आणि त्याला कर्ज देणारी बँक, दोघेही तो दाखला पाहतात आणि दचकतात. नोंदणीचा खर्च हा अशा रीतीने आपल्या शब्दाला घातलेले कुंपण होय.

परंतु कुंपण घालून झोपी जाणाऱ्याला कायदा साहाय्य करीत नाही. चेन्नईजवळील एका जमिनीचा करार जानेवारी १९८१ मध्ये झाला. किंमत ३ लाख ७५ हजार रुपये. त्यांपैकी १ लाख आगाऊ दिलेले, बाकीचे ठरलेल्या तारखांना हप्त्यांनी द्यायचे होते. खरेदीदाराच्या मनात मालकीच्या कागदांविषयी शंका आली आणि हप्ते थांबले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०११ साली निकाल खरेदीदाराच्या विरुद्ध लागला. हप्त्यांच्या तारखा कागदपत्रांच्या तपासणीवर अवलंबून ठेवलेल्या नव्हत्या, म्हणून त्या पाळणे भाग होते, असे न्यायालयाने मानले. शहरांतील जमिनींचे भाव भराभर वाढत असताना मुदतीकडे पूर्वीसारखे सैलपणे पाहून चालणार नाही, असेही बजावले. मदुराईच्या एका घराच्या बाबतीत १९९७ साली असाच निर्णय झाला होता. तेथे १९७८ मध्ये ६० हजारांच्या किमतीपैकी ५ हजार देऊन खरेदीदार सुमारे अडीच वर्षे स्वस्थ बसला होता. तात्पर्य, विक्रेत्याचा लोभ जसा व्यवहार मोडतो, तशी खरेदीदाराची दिरंगाईही मोडते.

दिरंगाई नेहमी आळसातून येते असे नाही. ती पुष्कळदा साखळीतून येते. समजा, विल्लिवाक्कमची सदनिका विकणाऱ्या गृहस्थांना आपल्या इसारातून अंबत्तूरच्या घराचा इसार द्यायचा आहे. अंबत्तूरच्या मालकाच्या घरावर बँकेचे कर्ज आहे. आणि आपण स्वतः पुण्याची जुनी जागा विकून पैसे उभे करणार आहोत. चार कुटुंबे एका दोरीने बांधली गेली. पुण्याच्या गिऱ्हाइकाचे कर्ज नामंजूर झाले की अंबत्तूरपर्यंतचे सामान बांधलेल्याच स्थितीत राहते. अशा साखळीत आपण नेमके कोणत्या कडीवर उभे आहोत, हे विक्रेत्याला मोकळेपणाने विचारावे आणि आपलीही स्थिती लपवू नये. शक्य असेल तर आधी विकावे, मग घ्यावे. मधले काही महिने भाड्याच्या घरात काढणे हे इसार गमावण्यापेक्षा स्वस्त पडते.

आता व्यवहाराचा क्रम सांगतो.

इसारापूर्वी बँकेकडून आपल्या कर्जाच्या पात्रतेचे पत्र घ्यावे. बोजाचा दाखला, 'पट्टा' म्हणजे महसुली नोंदीचा उतारा, आणि ज्याला तमिळमध्ये 'ताय् पत्तिरम', म्हणजे आईचा दस्त, म्हणतात ते मूळ खरेदीखत स्थानिक वकिलाला दाखवावे. तमिळ दस्त आपल्याला वाचता येत नसेल, तर त्याचे भाषांतर करून घेण्यात संकोच नको. दाखल्यात फक्त नोंदलेले व्यवहार दिसतात. मृत्युपत्र, वारसांचे हक्क, नोंद न झालेले करार किंवा चालू दावे त्यात आढळतीलच असे नाही. विक्रेता मुखत्यार असेल, तर मूळ मालकाची प्रत्यक्ष भेट घ्यावी. मुखत्यारपत्र सामान्यतः मालकाच्या मृत्यूबरोबर संपते.

इसार देताना तो बँकेमार्फतच द्यावा. मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने २०१५ पासून मनाई आहे; शिवाय रोखीचा पुरावा राहत नाही. तपासणी पुरी होईपर्यंत इसाराची रक्कम लहान असावी, आणि करार होताच तो नोंदवावा.

करारात पाच गोष्टी नि:संदिग्ध असाव्यात: पैसे देण्याच्या तारखा, त्यापूर्वी विक्रेत्याने कोणते कागद दाखवायचे, मालकीतील दोषामुळे बँकेने कर्ज नाकारल्यास इसार किती दिवसांत परत करायचा, विक्रेत्याचे कर्ज असल्यास ते आपल्या पैशातून परस्पर कसे फेडायचे, आणि शब्द मोडणाऱ्याने काय भरायचे. दुप्पट इसार परत करण्याचे कलम घातले, तर ती रक्कम खरेदीखताला पर्याय नाही, हेही स्पष्ट लिहावे. नाहीतर पैसे फेकून मोकळे होण्याची वाट आपणच दाखवल्यासारखे होते.

नवी इमारत बांधणाऱ्या विकासकाकडून घर घेणाऱ्यांसाठी २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात निराळे संरक्षण आहे. विक्रीचा करार करून तो नोंदवल्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. जुन्या घराच्या व्यवहारात असा पहारेकरी नाही. तेथे आपणच आपले पहारेकरी.

एवढे करूनही विक्रेता फिरलाच तर? प्रथम ठरलेल्या मुदतीत पैसे देण्यास आपण तयार होतो, याचे लेखी पुरावे जपावेत आणि वकिलामार्फत नोटीस द्यावी. दाव्याची मुदत ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख ठरली नसेल तर नकार कळल्यापासून, तीन वर्षांची आहे. पण वर सांगितलेले निकाल ध्यानात घेता तिची अखेर गाठू नये. मात्र प्रत्येक मोडलेला व्यवहार न्यायालयात नेण्याजोगा नसतो. इसार पूर्ण परत मिळत असेल आणि दुसरे घर दृष्टीस असेल, तर कधी कधी सोडून देणे हीच कमाई ठरते. संसार दाव्याच्या तारखांवर चालत नाही.

शेवटी एक गोष्ट विक्रेता म्हणून आपल्यासाठी. आज खरेदीदार असलेला वाचक उद्या विक्रेता होईल, आणि त्याच्या दारीही एखादा दलाल अधिक भाव घेऊन येईल. त्या वेळी आठवावे की, समोरच्या कुटुंबाने मुलांच्या शाळेचे दाखले काढले आहेत, भाड्याचे घर सोडण्याची सूचना दिली आहे, आणि आजीने देवघराची दिशाही ठरवली आहे. अधिक मिळणारे पाच लाख त्यांच्या पाच महिन्यांच्या वणवणीतून येणार आहेत. कायदा माणसाला शब्द पाळायला लावू शकतो, तोही पुष्कळ वर्षांनी. आपणहून पाळलेला शब्द मात्र त्याच दिवशी दोन घरांत दिवा लावतो.