टेबलाकडून सर्व्हरकडे

लखनौच्या हजरतगंजात सकाळी कचेऱ्या उघडल्या की, ज्यांच्याकडे एरवी कोणाचे फारसे लक्ष जात नाही अशा एका वर्गाची धावपळ सुरू होते. कोणाचा प्रिंटर कागद ओढीत नाही, कोणास पासवर्ड आठवत नाही, कोणाच्या संगणकास नेटवर्क मिळत नाही. टेबलाटेबलापाशी जाऊन ही गाऱ्हाणी निवारणाऱ्या तरुणाच्या कामास ‘डेस्कटॉप सपोर्ट’ म्हणतात. बँका, विमा कचेऱ्या, विधानभवनाच्या आसपासची सरकारी कार्यालये आणि जवळच लालबागेतील नाझा मार्केटची संगणकांची दुकाने यांमुळे या भागात असे काम मिळणे फारसे कठीण नाही. कठीण आहे ते त्यातून वर चढणे. चार वर्षे लोटतात, पगार जेथल्या तेथे राहतो, आणि मग घरात विचार सुरू होतो की, कोणते प्रमाणपत्र घेतले असता सर्व्हर सांभाळणाऱ्याची, म्हणजे सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरची, जागा मिळेल?

या दोन कामांतील अंतर केवळ पगाराचे नव्हे. टेबलापाशी एका माणसाची एक तक्रार असते. ती दूर केली की काम संपले. सर्व्हरवर दिलेली एक चुकीची आज्ञा शंभर टेबले एकदम बंद पाडू शकते. म्हणून तेथील माणसाने तक्रार येण्यापूर्वीच जागे असावयाचे असते: कोणास कोणते अधिकार द्यावयाचे, बॅकअप घेतला आहे काय, आणि मुख्य म्हणजे तो परत उतरवून पाहिला आहे काय! ज्या परीक्षेत हे प्रत्यक्ष करून दाखवावे लागते, ती परीक्षा चांगली, असे आमचे मत आहे.

परंतु परीक्षेच्याही आधी, सर्व्हर आहे कोठे, हे पाहिले पाहिजे. मोतीमहाल मार्गावर स्टेट बँकेचे स्थानिक प्रधान कार्यालय आहे. पण त्या बँकेच्या माहिती-तंत्राचे मुख्य केंद्र नवी मुंबईत बेलापूर येथे आहे. मोठ्या संस्थांची व्यवस्था बहुधा अशीच असते. टेबल गंजात आणि यंत्र शेकडो कोसांवर! जी गोष्ट लखनौची, तीच अकोल्याची नि बेळगावची. तेव्हा वरच्या जागेसाठी गाव सोडण्याची तयारी आहे काय, हा प्रश्न फी भरण्यापूर्वीच घरात निघावा. लहान कचेऱ्यांत विंडोजचे सर्व्हर पुष्कळ आढळतात, मोठ्या केंद्रांत लिनक्सचे प्राबल्य असते, आणि अलीकडे पुष्कळ ठिकाणी मायक्रोसॉफ्ट किंवा ॲमेझॉन यांचे सर्व्हर भाड्याने घेतले जातात. आपण कोणत्या दाराशी उभे आहोत, हे ठरले की निवड निम्मी झाली.

कॉम्पटियाचे ‘ए प्लस’ हे प्रमाणपत्र नवशिक्यास उपयोगी आहे. तथापि, ज्याने चार वर्षे संगणक उघडले-मिटले, त्याने आपल्यास जे येते तेच सिद्ध करण्यासाठी दोन पेपरांचे पैसे का भरावे? सिस्कोच्या ‘सीसीएनए’चे तसे नाही. नेटवर्कची जाण सर्व्हर सांभाळणाऱ्यास हवीच. परीक्षा न दिली तरी तिचा अभ्यासक्रम वाचावा. २०२० च्या फेब्रुवारीपासून त्याची एकच परीक्षा आहे.

लिनक्सकडे वळणाऱ्यास आम्ही रेड हॅटचे ‘आरएचसीएसए’ सुचवू. तेथे चार पर्यायांतून एकावर खूण करण्याची सोय नाही. परीक्षार्थीस चालू यंत्र देतात; त्यावर वापरकर्त्यांची खाती उघडावयाची, डिस्कचे भाग पाडावयाचे, सेवा सुरू करावयाच्या. यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावर केलेले काम टिकले तरच गुण! ३०० पैकी २१० गुण मिळवावे लागतात, आणि प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. सरावासाठी रॉकी लिनक्स किंवा अल्मालिनक्स विनामूल्य मिळते. घरचा जुना संगणक त्यास पुरतो, आणि सहा महिने तो पाडून पुन्हा उभा करण्यात जी विद्या येते ती कोणत्याही वर्गात मिळत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत मात्र सावध राहावे. ‘एमसीएसई’ हे नाव एके काळी क्लासांच्या पाट्यांवर झळकत असे. ३१ जानेवारी २०२१ रोजी ती परीक्षा कंपनीनेच बंद केली. आजही त्या नावाने कोणी फी मागत असेल तर तेथून परतावे. आता ‘अझुर ॲडमिनिस्ट्रेटर’सारखी, कामानुसार दिली जाणारी प्रमाणपत्रे आहेत. त्यांची मुदत एक वर्षाची, नूतनीकरण विनामूल्य.

‘नाइलिट’च्या, म्हणजे पूर्वीच्या डोएकच्या, ‘ओ’ आणि ‘ए’ लेव्हलचा हिशेब निराळा आहे. या संस्थेचे केंद्र लखनौतही आहे, आणि तिचे ‘सीसीसी’ प्रमाणपत्र उत्तर प्रदेशात कित्येक सरकारी जागांसाठी आवश्यक पात्रता म्हणून मागतात. सरकारी नोकरीकडे डोळा असेल तर ते अवश्य घ्यावे; सर्व्हर चालविता येतो याचा तो दाखला मात्र नव्हे.

गंजापासून जवळच, कैसरबागेत, १९२६ साली पंडित भातखंड्यांच्या प्रयत्नाने मॅरिस कॉलेज उघडले आणि गाण्याचाही क्रमवार अभ्यासक्रम बसविण्यात आला. क्रमाने शिकल्याने गळा तयार होतो, हे खरे. पण मैफलीत कोणी विशारदाचा कागद पाहत नाही. नोकरीच्या मुलाखतीतही ‘बॅकअप कसा उतरवाल?’ हेच विचारतात. त्यासाठी आपल्याच कचेरीतील वरिष्ठांस विनवून रात्रीच्या दुरुस्तीच्या वेळी शेजारी बसू देण्याची परवानगी मागावी. पुष्कळदा ती मिळते, कारण रात्री जागावयास दुसरे कोणी तयार नसते.

जुन्या प्रश्नांची चोरटी पुस्तके विकणारे पुष्कळ भेटतील. असा प्रकार उघडकीस आल्यास कंपन्या मिळालेले प्रमाणपत्रही रद्द करतात. आणि एक व्यवहाराची गोष्ट: क्लासची फी निराळी, परीक्षेची निराळी. पावतीवर दोन्ही आकडे वेगळे लिहून घ्यावेत, आणि परीक्षेची फी शक्यतो आपण स्वतःच कंपनीकडे भरावी.