रविवारची गोळी

रविवारी सकाळी साडेसहाला आमच्या घरात एक भन्नाट सीन असतो. आई डायनिंग टेबलाशी ताठ बसलेली, पुढ्यात पाण्याचा रिकामा ग्लास, नजर घड्याळावर. अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. हाडं ठिसूळ झाल्यामुळे सुरू झालेली अलेंड्रोनेटची ही आठवड्याची गोळी. मी त्या अर्ध्या तासाला 'आईचं सनडे मेडिटेशन' म्हणते.

पुढच्या महिन्यात तिच्या उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट आहे. शेजारच्या काकूंचा सल्ला आला, "ऑपरेशनआधी त्या हाडांच्या गोळ्या बंद कर बाई." आईने मला न विचारता दोन रविवार चुकवलेही! मग मी वाचायला बसले. (डेडलाइन डोक्यावर असली की मला दुसरं काहीही वाचायचा मूड येतो.)

तर बॉस, आपलं हाड म्हणजे कायम चालू असलेलं बांधकाम. काही पेशी जुनं पोखरतात, काही नवं भरतात. ऑपरेशनमध्ये हाड कापलं की पोखरणाऱ्यांना जोर चढतो आणि इम्प्लांट जागेवरून किंचित सरकतं. किंचित म्हणजे मिलिमीटरचा एखादा अंश. पण सुरुवातीला जास्त सरकलेला सांधा पुढे ढिला होण्याची भीती जास्त. अलेंड्रोनेटच्या घराण्यातली औषधं, म्हणजे बिस्फॉस्फोनेट्स, नेमकं या पोखरणाऱ्यांना आवरतात. स्वीडनमध्ये पेर आस्पेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी गुडघा बदललेल्या 50 पेशंट्सवर क्लोड्रोनेटचा प्रयोग केला, तो 2000 साली छापून आला. 2007 मध्ये आला त्यात तर आयबँड्रोनेट सिमेंटच्या आधी थेट हाडावरच लावलं होतं. दोन्ही वेळा औषधवाल्यांचं इम्प्लांट कमी सरकलं. 2011 मध्ये ब्रिटनमधल्या पेशंट्सच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ही औषधं घेणाऱ्यांत पुन्हा ऑपरेशनचं प्रमाण जवळपास निम्मं दिसलं.

मी जाम खूश. आईचे डॉक्टर मात्र थंड. "नोंदी म्हणजे प्रयोग नव्हे," म्हणाले. नुसतं इम्प्लांट टिकावं म्हणून ते ही गोळी कोणाला देत नाहीत. वर्षानुवर्षं घेतली तर क्वचित जबड्याचं हाड मरतं, मांडीचं हाड फारसा मार न लागताही मोडतं. पण आईला ती ठिसूळ हाडांसाठी आधीपासून चालूच आहे, मग बंद का केली? "आणि ऑपरेशनआधी दात दाखवून घ्या."

आईने तेव्हा पहिल्यांदा सांगितलं, की खालची एक दाढ चार महिने ठणकतेय. चार महिने! मंगळवारची डेंटिस्टची अपॉइंटमेंट घेतलीय.