प्रयोगशाळेतली निळी बाटली


रसापासून मळीपर्यंत साऱ्याचा हिशेब प्रयोगशाळेत होतो, पण तिथं राबणाऱ्या पोरांच्या हातांकडं कुणी पाहत नाही. आसवनीत यीस्ट जिवंत की मेलेलं, हे मेथिलीन ब्ल्यू सांगतं. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग घालवून टाकते. लेन-आयनॉन पद्धतीनं साखर मोजतानाही हाच रंग खुणेला असतो. निळी बोटं दिसली की आपण थट्टा करतो!

हा रंग काही जहाल विष नव्हे. १८७६ साली तयार झाला, पुढं औषधातही आला. पण मात्रा वाढली, तर जो रक्तदोष तो बरा करतो तोच उत्पन्न करतो. क्रिस्टल व्हायोलेटचं, म्हणजे पूर्वी जखमेला लावायच्या त्या जांभळ्या औषधाचं, प्रकरण याहून वाईट. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यानं कर्करोग झाला, आणि २०१९ साली कॅनडाच्या आरोग्य खात्यानं इशारा दिला.

तोंडानं पिपेट ओढणं आजच बंद व्हावं. रबरी फुग्याला पैसे पडतात किती? हातमोजे, चष्मा हवाच. भुकटी तोलताना पंखा बंद. हाताला डाग पडला तर स्पिरिट चोळू नये, साबणानं धुवावं. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं पाण्याची धार, मग डॉक्टर. रिकामी बाटली घरी तेलाला नेऊ नये (हेही सांगावं लागतं!). उरलेला रंग मोरीत ओतला तर तो ओढ्याला जायचा, आणि तिथं जनावरं आपलीच पाणी पितात. तो वेगळा साठवावा.

येत्या वार्षिक सभेत विचारा, अंदाजपत्रकात या सामानाची तरतूद किती धरलीय? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.