नोटेची घडी आणि नोटेचे मोल

ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची जुनी नोट लाखो रुपयांना विकली जाते, असा संदेश पाबळच्या शेतकऱ्याच्या मोबाईलवरही येऊन पोचतो. रिझर्व्ह बँकेच्या नावाने आधी ‘कमिशन’ मागणाऱ्या भामट्यांविषयी त्या बँकेने ऑगस्ट १९८१ नव्हे, ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला. शिकलेसवरलेले नोकरदारही अद्याप फसत आहेत, ही खेदाची बाब होय. फसवणूक पचते, कारण तिच्यात अर्धे सत्य असते. जुन्या नोटेला किंमत येते खरी. परंतु ती नोटेच्या वयापेक्षा तिच्या प्रकृतीवर अधिक अवलंबून असते.

बँकेचा दंडक आणि संग्राहकाचा दंडक यांतील अंतर येथे ध्यानात घेतले पाहिजे. पन्नास वा अधिक रुपयांच्या फाटक्या नोटेचा ८० टक्क्यांहून मोठा अखंड तुकडा असेल तर बँक पूर्ण रक्कम देते, ४० ते ८० टक्क्यांपर्यंत निम्मी. संग्राहक मात्र मधोमध पडलेली एक घडीही भिंगातून पाहतो. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकी नाण्यांसाठी योजलेली सत्तर अंकांची मोजपट्टी आज नोटांनाही लावतात. त्या एका घडीने नोट ‘न वापरलेली’ या वर्गातून खाली घसरते, आणि दुर्मीळ नोटेच्या बाबतीत तिची किंमतही तिच्यामागोमाग घसरते.

याचे कारण टंचाईत आहे. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट निघाली. ती हातोहात फिरण्यासाठीच होती. कोरी राहिली ती अपवादानेच. म्हणजे दुर्मीळ असते ती नोटेची कोरी अवस्था. उलट ट्रॅक्टरच्या नोटा इतक्या विपुल निघाल्या की, झिजलेल्या प्रतीला दर्शनी किमतीपलीकडे फारसे काही मिळत नाही.

आपल्याकडे आणखी एक विशेष आहे. नोटांच्या थप्प्यांना टाचण्या मारण्याची रीत रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००१ मध्ये बंद करविली. त्यापूर्वीच्या अगदी कोऱ्या नोटांनाही भोके असतात. जाणकार हा मूळचा दोष समजून घेतो. नवखा विक्रेता त्याच भोकांपायी नमते घेतो. काही मंडळी तर नोट धुऊन, इस्त्री करून, चिकटपट्टी लावून तिची उरलीसुरली किंमतही घालवितात.

जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे दाखवून दिले, तेच येथे घडते : एका पक्षाला मालाची प्रत ठाऊक, दुसऱ्याला नाही. प्रत ठरवून देणाऱ्या संस्था आहेत. पण सामान्य नोटेच्या बाबतीत त्यांचे शुल्कच नोटेहून भारी ठरते. तेव्हा तालुक्याच्या महाविद्यालयांनी वर्षातून एक दिवस भिंग, दिवा आणि चार जुन्या नोटा घेऊन लोकांसाठी बसावे, हे अधिक व्यवहार्य. त्याच बैठकीत २०१७ चा कायदाही सांगावा : २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा एकूण दहापर्यंत बाळगता येतात, अभ्यास वा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत, त्याहून अधिक बाळगल्यास किमान दहा हजार रुपये दंड आहे.