सोनेरी उजेडात पिवळं पान दिसत नाही

हौशी फोटोग्राफर मंडळींनो, राग आला तरी चालेल, पण आज तुमच्यावरच लिहितोय. तसं बघितलं तर तुमच्यातले निम्मे आता आमचेच आहेत. शेतकऱ्याचीच पोरं, हातात बरा फोन, बांधावर उभं राहून काढलेला सूर्यास्त आणि खाली चार ओळी सल्ला. सूर्य उगवल्यावरचा पहिला तास आणि मावळण्याआधीचा शेवटचा तास, यालाच म्हणे गोल्डन अवर. दुपारी कॅमेरा खिशातून काढूच नका. सूर्य समोर घ्या, पानांच्या कडा चमकतात. नंतर रंग जरा वाढवा.

डोंगराचा, तळ्याचा, परतणाऱ्या गुरांचा फोटो काढायला हा सल्ला एक नंबर आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पुढचा. तोच सल्ला पाठ करून, त्याच उजेडात काढलेला सोयाबीनचा फोटो ग्रुपवर येतो आणि खाली प्रश्न असतो, "पिवळं पडतंय, कोणती फवारणी घेऊ?" पाच मिनिटांत सात औषधांची नावं येतात. अरे बाबांनो, त्या फोटोत पिवळं काय नाही ते सांगा! बांध पिवळा, बैल पिवळा, शेजारच्या माणसाचा पांढरा सदरासुद्धा पिवळा.

हे असं का होतं तेही समजून घ्या. सूर्य खाली आला की त्याचा उजेड हवेच्या जास्त जाड थरातून येतो. निळा भाग वाटेतच विखुरतो, आपल्यापर्यंत पोचतो तो पिवळा-तांबडा. फोटोवाले हे केल्विनमध्ये मोजतात. दुपारचं ऊन साधारण 5500, सूर्य टेकताना 3000 च्या आसपास किंवा त्याहून खाली, आणि निरभ्र आकाशाखालची सावली 7000 च्या पुढं, म्हणजे निळसर. फोन आपल्या परीनं हे सुधारायला बघतो, पण त्याला काय माहीत पान मुळात कसं होतं. वरून बऱ्याच फोनमध्ये हिरवळ ओळखून हिरवा रंग आपोआप गडद करायची सोय असते. म्हणजे एकीकडे उजेड पिवळं करतोय, दुसरीकडे फोन हिरवं करतोय, आणि आपण त्यावर औषध ठरवतोय.

आता सोयाबीनचंच घ्या. कोवळी, वरची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात, पाणी साचलं की हमखास येते. खालची जुनी पानं सरसकट फिकी पडली तर नत्राकडं बघायचं. जुन्याच पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा झाला तर मॅग्नेशियमकडं. आणि पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे दिसले तर पिवळा मोझॅक, पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. पहिल्याला फेरस सल्फेट किंवा चिलेटेड लोह लागू पडतं. शेवटच्याला कुठलंच औषध बरं करत नाही, रोगट झाड दिसेल तसं उपटायचं आणि माशीचा बंदोबस्त करायचा. हा सगळा फरक कुठं आहे? शिरेच्या रंगात, आणि पान वरचं की खालचं यात. आणि संध्याकाळच्या उजेडात पहिला पुसला जातो तो हाच फरक. लोह कमी असलेल्या रानात कीटकनाशक मारलं तर पैसे पाण्यात, आणि मोझॅकचं झाड लोहाच्या फवारणीवर ठेवलं तर तोवर पुढची चार झाडं गेली.

कापसाच्या लाल्याचं तर विचारूच नका. लाल्या आहे की नाही, किती आहे, कडेनं लाल होतंय की पूर्ण पान, पान खाली वळलंय का, यावर तुडतुड्याचा विचार करायचा की मॅग्नेशियम-नत्राचा हे ठरतं. आणि फोटो काढलेला असतो तांबड्या उजेडात! त्यात निरोगी कपाशीसुद्धा लाल्या झाल्यासारखी दिसते.

शास्त्रज्ञांनी हे फार आधीच ओळखलंय. भातासाठी इरी या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं पसरवलेला लीफ कलर चार्ट, म्हणजे हिरव्या छटांची प्लास्टिकची पट्टी, कोकणात काही जणांनी वापरली असेल. पानाचा रंग तिच्याशी जुळवून युरिया द्यायचा की नाही ते ठरवायचं. तिची पहिली अट काय आहे? पानावर थेट ऊन पडू द्यायचं नाही, आपल्या अंगाची सावली करायची. दुसरी, दर वेळी दिवसातली तीच वेळ. तिसरी, शक्यतो बघणारा माणूसही तोच. डोळ्यानं बघायला एवढी खबरदारी, आणि आपण फोनवर आलेल्या सूर्यास्तावरून डोस सांगतो.

मला जास्त खटकतं ते वेगळंच आहे. या फोटोंत जे सुंदर म्हणून वाहवा मिळवतं, त्यातलं बरंच काही रानाचं दुखणं असतं. पानावर मोत्यासारखे दवाचे थेंब, जवळून काढलेला फोटो, खाली बदाम. द्राक्षवाल्याला विचारा तो थेंब म्हणजे काय. पान किती तास ओलं राहिलं यावर डाऊनीचं गणित असतं. सकाळच्या धुक्यात बुडालेलं कांद्याचं रान बघून शहरातला माणूस काश्मीर म्हणतो, कांदावाला करपा म्हणतो. सांगली-कोल्हापूरकडं उसाच्या पट्ट्यात बर्फ पडल्यासारखी पांढरी जमीन दिसते, ते क्षार वर आलेत, ती जमीन हातची चाललीय. मक्याची जांभळी छटा म्हणजे बहुतेक वेळा स्फुरद कमी. आणि पाचट पेटवल्यावर धुरातून येणारे उन्हाचे पट्टे! त्या फोटोला तर बक्षीसच द्यायचं बाकी राहतं. जमिनीचा सेंद्रिय कर्ब जळतोय आणि खाली लिहिलेलं असतं, "काय लाइट मिळालाय!"

पण तुमचं ज्ञान टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. उजेड कुठून घ्यायचा हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं, ते आम्हाला नीट शिकवा की. सूर्य समोर घेण्याचाच घ्या. डाळिंबाचं किंवा द्राक्षाचं संशयित पान उजेडासमोर धरलं तर तेलकट डाग लवकर कळतो, नुसतं वरून बघून सुटतो. इथं तुमचा बॅकलाइट सोन्यासारखा. कोवळ्या उन्हाचंही तसंच. ऊन आडवं, बाजूनं येत असेल तर पिकाची उंची कुठं कमी-जास्त आहे, तास कुठं तुटलेत, कुठं पीक लोळलंय, हे सावल्यांमुळं लांबून दिसतं. भर दुपारी तेच रान सपाट दिसतं. त्यामुळं पूर्ण रानाचा फोटो सकाळी बांधावरून जरूर काढा, पण दर आठवड्याला त्याच जागेवरून, त्याच वेळी, रंग न वाढवता. पट्टा सरळ ठिबकच्या नळीबरोबर जातोय, गोल गोल ठिपक्यांत मर आहे, की बांधाकडून आत सरकतंय, हे त्या फोटोंच्या रांगेतून सल्लागाराला लगेच कळतं. रंग मात्र त्यातून वाचायचा नाही.

आणखी एक जागा आहे जिथं हे प्रकरण अंगाशी येतं. फोटो आता आपला कागद झालाय. ई-पीक पाहणी 2021 पासून मोबाइलवर आली, तिथं पिकाचा फोटो लागतो. पीक विम्यात नुकसान झालं की 72 तासांच्या आत कळवायचं असतं, तिथंही फोटो. आणि पूर आल्यावर ग्रुपांवर काय फिरतं? ड्रोननं काढलेला, पाण्यात उतरलेल्या लाल आकाशाचा फोटो. त्यात सोयाबीन कुठाय? शेंगेला फुटलेला कोंब, झाडावर पाण्याची खूण, मागं ओळखीचं झाड नाहीतर विहीर, हे पाहिजे. तळ्यासारखं चमकणारं रान नव्हे.

1936 सालची एक गोष्ट या निमित्तानं सांगतो. अमेरिकेत दुष्काळ होता. सरकारसाठी फोटो काढणारा आर्थर रॉथस्टीन नावाचा तरुण साउथ डकोटात गेला. तिथं त्याला बैलाची कवटी सापडली. चांगला उजेड, चांगली सावली मिळावी म्हणून त्यानं ती थोडी हलवून वेगवेगळ्या जागी ठेवून फोटो काढले, भेगाळलेल्या जमिनीवरही आणि गवतावरही. विरोधी वर्तमानपत्रांच्या हाती हे लागलं आणि त्यांनी दुष्काळाचे सरकारी फोटोच बनावट असल्याची ओरड सुरू केली. दुष्काळ खरा होता, माणसं खरोखर गावं सोडत होती, पण चर्चा कवटीची झाली. आपल्याकडं पंचनाम्याला आलेला माणूस रंग वाढवलेला फोटो बघून शंका घेईल, तेव्हा तुमच्या मागच्या गटातल्या खऱ्या नुकसानीवरही ती शंका जाईल.

तर पानाचा फोटो काढायचा तो असा. सकाळी नऊ-दहानंतर, ढगाळ असेल तर उत्तम, नाहीतर स्वतःच्या सावलीत. पानाखाली पांढरा कोरा कागद ठेवा. कागद फोटोत पिवळा दिसला तर सल्लागाराला कळेल की पान तेवढं पिवळं नाही. बाजूला दहाचं नाणं ठेवा, ते 27 मिलीमीटरचं असतं, डागाचं माप त्यावरून निघतं. पान वरून एक, उलटं करून एक, कारण फुलकिडे, पांढरी माशी, डाऊनीची पांढरी बुरशी सगळं खालीच असतं. एक पूर्ण झाड, एक पूर्ण रान. फिल्टर बंद. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक ठिपके दाबून नाहीसे होतात. हे सगळं करायला एका बिडीएवढाही वेळ लागत नाही.

कृषी सल्लागार मंडळींनाही सांगतो, कारण तुम्हीही इथं वाचता. सूर्यास्ताच्या फोटोवर औषधाचं नाव देऊ नका. "उद्या दहा वाजता सावलीत कागदावर ठेवून परत पाठवा" एवढंच लिहा. शेतकरी कुरकुरेल, दुकानदार तर नक्कीच कुरकुरेल, कारण त्याची बाटली एक दिवस उशिरा जाईल किंवा जाणारच नाही. आणि फोटोग्राफर पोरांनो, तुमच्या पुढच्या लाइटिंगच्या पोस्टमध्ये सूर्यास्ताच्या खाली कागदावरच्या पानाचाही एक फोटो टाका. त्याला लाइक कमी येतील. मी करतो एक.