न संपणारा भागाकार



नायगावच्या सात जणींनी मिळून अर्ध्या दिवसाची खुरपणी उक्ती घेतली. मजुरी मिळाली १००० रुपये. वाटणी करायचं काम सहावीतल्या एका लेकीकडे आलं. प्रत्येकीला १४२ रुपये, उरले ६. बायांनी त्या सहा रुपयांच्या गोळ्या आणून लेकरांना वाटल्या आणि त्या मोकळ्या झाल्या. पोर मात्र दशांश चिन्ह देऊन भागतच राहिली. १४२.८५७१४२८५७१४२... पान भरलं, पण भागाकार संपेना. ‘मला गणित येतच नाही’ म्हणून तिनं पानावर काट मारली. दुसऱ्या दिवशी आई ती वही घेऊन माझ्याकडे आली.

वहीतला एकही अंक चुकलेला नव्हता!

सातानं भागताना १ ते ६ एवढीच बाकी उरू शकते. १०, १००, १००० यांपैकी कशालाच सातानं पूर्ण भाग जात नाही, म्हणून शून्य कधी उरत नाही. १ ला ७ ने भागून पाहा. बाकी क्रमानं ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १ येते. सगळ्या बाक्या येऊन गेल्या, आता नवी कुठून येणार? म्हणून फेरा पुन्हा सुरू होतो. या फेऱ्यात मिळालेले सहा अंक म्हणजेच १४२८५७.

आता या संख्येला गुणा :

१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

तेच अंक, तोच क्रम. घाण्याचा बैल कुठूनही निघाला तरी वाट तीच, तसं हे. आणि सातानं गुणलं की एकदम ९९९९९९!

आणखी एक गंमत. या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करा, २०४०८ आणि १२२४४९. बेरीज करा. पुन्हा १४२८५७! अशा संख्यांना जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. हे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) देवळालीच्या शाळेत मास्तर होते. पदवी बी.एस्सी.पर्यंतची, नोकरी शाळेतली. कित्येक विद्वानांनी त्यांच्या संख्यांना पोरखेळ समजून बाजूला सारलं. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला हे मास्तर कळले. तोवर ते निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

त्या लेकीनं काट मारलेलं पान मी फाडू दिलं नाही. आयांनो, लेकराच्या वहीत असं पान दिसलं, तर रागवायच्या आधी त्यानं काय मांडलंय ते विचारा. अक्षरओळख नसली तरी विचारता येतं.

बालमित्रांनो, आता तुमची पाळी. १ ला १७ ने भागा. किती अंकांनंतर फेरा पुन्हा सुरू होतो? मोठा कागद घ्या, घाई करू नका. उत्तर पुढच्या अंकात.